घरातले चार फोन आणि आईचं डुप्लिकेट अकाउंट : सोशल मीडिया ॲप्सचा प्रायव्हसी रिव्ह्यू

आधीच सांगते, फिल्टर कसे आहेत, रील अडकतात का, डार्क मोड छान दिसतो का यातलं काहीही या रिव्ह्यूमध्ये नाहीये. ही ॲप्स वापरताना आपलं घर बाहेरच्याला किती आतपर्यंत दिसतं एवढंच मी बघितलंय, आणि तेही ठेच लागल्यावर. मी पुण्यात कर्वेनगरला राहते, लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरायची कामं करते, कॉम्प्युटरचं कामापुरतं येतं, त्यामुळे एक्स्पर्ट वगैरे समजू नका. घरात चार फोन: माझा, नवऱ्याचा, नववीतल्या मुलाचा आणि आईचा.

झालं असं की मे महिन्यात एका रविवारी सकाळी सांगलीहून आत्याचा फोन. म्हणाली, "काय गं, वहिनी आज माझ्याशी हिंदीत का बोलतीये?" आता वहिनी म्हणजे माझी आई, ती त्यावेळी माझ्यासमोर ओट्यापाशी उभी राहून साबुदाण्याची खिचडी परतत होती आणि तिचा फोन फ्रीजवर चार्जिंगला लावलेला. मी आत्याला म्हटलं स्क्रीनशॉट पाठव. बघते तर आईचंच नाव, आईचाच फोटो, आणि "हाय, कैसे हो आप" पासून सुरुवात करून पुढे तीच ती गोष्ट, जी आता निम्म्या महाराष्ट्राला पाठ झाली असेल, की माझ्या ओळखीचे एक सीआरपीएफमध्ये ऑफिसर आहेत, त्यांची अचानक बदली झाली, घरातलं फर्निचर अगदी नवंकोरं आहे, स्वस्तात काढतायत, तुमचा नंबर देऊ का. आत्या फसली नाही कारण तिचं म्हणणं, "वहिनी आणि फर्निचरची चौकशी? चाळीस वर्षांत तिनं घरातला पाट बदलला नाही."

आईच्या भिशीतल्या एक काकू मात्र फसल्या. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि सोफा मिळून २८ हजार, त्यातले ९ हजार ॲडव्हान्स, मग गाडीभाड्याचे साडेचार हजार, "रिफंडेबल आहेत" म्हणून. ट्रक सीआरपीएफचा येणार होता म्हणे, त्यामुळे सोसायटीच्या वॉचमनला सुद्धा त्यांनी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी लाजत लाजत आईला सांगितलं. आईने हात लावला नव्हता कशाला, तरी ती बिचारी आठवडाभर त्यांच्यासमोर गेली की खाली बघायची, आणि काकूही तोंडाने काही बोलल्या नाहीत पण भिशीचा पुढचा नंबर आमच्याकडे होता तो त्यांनी "गुडघे दुखतायत" म्हणून टाळला.

हे कुठल्या साईटवर झालं ते मुद्दामच लिहीत नाही, कारण हे सगळीकडेच होतं. आम्ही रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की या अकाउंटने आमच्या नियमांचा भंग केलेला नाही. परत केलं, परत तेच. मग मी फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना कामाला लावलं, अकरा जणांनी रिपोर्ट ठोकले तेव्हा कुठे ते गेलं, आणि दोनच दिवसांत त्याच फोटोचं दुसरं उगवलं. काकूंना घेऊन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, पुढे शिवाजीनगरलाही जाऊन आलो. तिथले पोलीस नीट बोलले हे खरं, पण पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, तीन दिवस थांबलात का?" पैसे गेल्या गेल्या फोन केला असता तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, तीन दिवसांत ते चार खात्यांतून फिरून जातात. हे लक्षात ठेवा, लाज नंतर वाटू दे, १९३० आधी.

पण मला झोप लागेना ती वेगळ्याच गोष्टीने. आईचा तो फोटो त्यांच्याकडे आला कुठून? कारण आईचं अकाउंट मीच उघडून दिलेलं, मीच लॉक केलेलं, आणि तो फोटो आईच्या अकाउंटवर नव्हताच. मोठा करून बघितला. आई हिरव्या काठापदराच्या साडीत, हसतीये, आणि उजव्या कोपऱ्यात कापताना राहून गेलेला एक अर्धा हात, त्यात निरांजनाचं तबक. हात माझा. बांगड्यांवरून ओळखला. म्हणजे हा फोटो मावसभावाच्या मुलीच्या बारशाचा, आणि तो होता मावसवहिनीच्या अल्बममध्ये, एकशे बारा फोटो, सगळ्या जगाला उघडा, प्रत्येक फोटोत कोण कोण आहे ते नावानिशी टॅग केलेलं. चोराला काही हॅक वगैरे करावं लागलं नाही, वहिनीने ताट वाढूनच ठेवलं होतं.

तेव्हापासून मी पुढचे तीन रविवार चारही फोन घेऊन बसले. त्याचा हा रिव्ह्यू.

फेसबुकपासून सुरू करते कारण आमच्या वयाचं सगळं गाव तिथे आहे. चांगलं आधी: प्रोफाइल लॉक. भारतात हे मे २०२० मध्ये आलं, खास करून बायकांच्या प्रोफाइलचा विचार करून, आणि खरंच एका टिचकीत काम होतं. जुन्या पब्लिक पोस्टसुद्धा फक्त फ्रेंड्सपुरत्या होतात, बाहेरच्याला डीपी मोठा करून बघता येत नाही. आईसाठी हे उत्तम. पण फ्रेंड लिस्ट कुणाला दिसावी याचं सेटिंग आणखी वेगळं, आत खोल कुठेतरी, आणि डुप्लिकेट अकाउंट काढणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती याच यादीची, नुसता फोटो घेऊन तो काय ओवाळणार आहे. ती यादी "ओन्ली मी" करून टाका. आईने विचारलं, "मग माझ्या मैत्रिणींना कळणार कसं की माझ्या किती मैत्रिणी आहेत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टॅगचं काय ते नीट समजून घ्या, मलाही आत्ता कळलं. "टाइमलाइन रिव्ह्यू" चालू केलं की दुसऱ्याने टॅग केलेली गोष्ट तुमच्या पानावर यायच्या आधी तुम्हाला विचारतात. पण फक्त तुमच्या पानावर. टाकणाऱ्याच्या अल्बममध्ये तो फोटो आहे तिथेच राहतो आणि त्याने ज्यांना दाखवायचा ठरवलाय त्यांना दिसतो. टॅग काढला तर नाव जातं, चेहरा तिथेच. म्हणजे मी माझ्या दाराला कितीही कुलपं लावली तरी माझी खिडकी मावसवहिनीच्या घरात उघडते.

आणि हे काही माझं एकटीचं रडगाणं नाही. निवडणूक प्रचारासाठी लोकांचा डेटा वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका कंपनीचं प्रकरण आठवतंय का, मार्च २०१८ चं? फेसबुकवर एक पर्सनॅलिटी टेस्टचं ॲप होतं, लोकांनी गंमत म्हणून भरलं, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते ॲप भरणाऱ्याबरोबर त्याच्या फ्रेंड्सचीही माहिती उचलत होतं. जगभरात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांचा डेटा गेला असं फेसबुकनेच सांगितलं. त्यात भारताचा आकडा बघा. ॲप घेतलेले भारतीय किती? ३३५. फक्त तीनशे पस्तीस. आणि त्यांच्यामुळे ज्यांची माहिती जाऊ शकली असे बाकीचे ५,६२,१२०. मी सवयीने कॅल्क्युलेटर काढला, एका माणसामागे सुमारे १,६७८ जण. त्या पाच लाख बासष्ट हजारांनी काहीही केलं नव्हतं हो, त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या यादीत कुणीतरी "तुमचा स्वभाव कसा आहे जाणून घ्या" वर बोट दाबणारा होता. २०१९ मध्ये अमेरिकेत फेसबुकला पाच अब्ज डॉलरचा दंड झाला, तो अमेरिकेच्या सरकारला गेला, आपल्याला काय. तो मित्रांचा डेटा देण्याचा नियम आता बंद आहे, पण "तुम्ही कुठल्या देवाचे अवतार" छापाच्या टेस्ट आमच्या फॅमिली ग्रुपवर अजून येतात.

दुसरं प्रकरण फोन नंबरांचं. एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींहून जास्त फेसबुक युजर्सचे नंबर इंटरनेटवर फुकटात फिरायला लागले, त्यात साठ लाखांच्या वर भारतीय. ते कसं निघालं हे जास्त शिकण्यासारखं आहे. "तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट अपलोड करा, मित्र शोधून देतो" ही जी सोय असते ना, तिच्यात कुणीतरी लाखो नंबर ओतले, आणि कुठला नंबर कुठल्या प्रोफाइलचा ते साईटने जोडून दिलं. कंपनीचं म्हणणं होतं की २०१९ मध्येच आम्ही ती फट बुजवली. बुजवली असेल, पण माणूस नंबर काय दर पावसाळ्यात बदलतो का? माझा नंबर २००६ पासून एकच आहे, क्लायंटच्या रबरी शिक्क्यावरसुद्धा तोच.

आता माझ्या धंद्यातलं सांगते, हे कुठल्या रिव्ह्यूत सापडणार नाही. जन्मतारीख. लोकांना वाटतं वाढदिवस दिसला तर काय, चार शुभेच्छा येतील. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. इन्कम टॅक्सच्या एआयएसची, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीची पीडीएफ कशाने उघडते? पॅन नंबर आणि जन्मतारीख. म्हणजे ती फाइल (आणि एआयएसच्या बाबतीत पॅनही) ज्याच्या हातात पडली त्याला फक्त तुमच्या प्रोफाइलवर एक चक्कर मारायचीये. तुम्ही हुशारीने वर्ष लपवलं असेल, ठीक, पण आईच्या सत्तरीचा केक, त्यावर ७ आणि ० अशा दोन लाल मेणबत्त्या, खाली माझंच कॅप्शन "आज माझ्या आईची सत्तरी", तारखेसकट. वर्ष काढायला पहिलीतलं पोर पुरे. आणि बऱ्याच जणींनी शाळेतल्या मैत्रिणींना सापडावं म्हणून माहेरचं आडनाव प्रोफाइलमध्ये घातलेलं असतं, तेच आडनाव मुलांच्या बँक खात्याचा सिक्युरिटी प्रश्न. मी केकचा फोटो काढला नाही, चेहरे छान आलेत, फक्त "फॅमिली" पुरता केला. कॅप्शन बदललं.

फेसबुकला पाचपैकी अडीच. लॉकसाठी दोन, आणि अर्धा आईला शाळेतली बेंचवरची मैत्रीण छप्पन्न वर्षांनी सापडली त्याचा.

ऑर्कुटची, म्हणजे फेसबुकच्या आधी आपल्याकडे चालायची त्या गूगलच्या साईटची आठवण आल्याशिवाय राहत नाही. जानेवारी २००४ ला आलं, सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. स्क्रॅपबुक सगळ्यांना उघडी, कोण कुणाला काय लिहितंय सगळा गाव वाचायचा, पण एक होतं, "रिसेंट व्हिजिटर्स" मध्ये आपल्या पानावर कोण डोकावून गेलं ते दिसायचं. माझं आजोळ शनिवार पेठेतल्या वाड्यातलं, तिथेही असंच, कुणाकडे कोण पाहुणे आले ते सगळ्यांना कळायचं, पण कुणी खिडकीतून मान काढली तेही आपल्याला दिसायचं. आताच्या साईटवर मान कुणाची तेच दिसत नाही. लिंक्डइनवर थोडंफार कळतं. फेसबुक-इन्स्टावर "तुमचं प्रोफाइल कोणी बघितलं ते दाखवतो" असं सांगणारं कुठलंही ॲप खोटं आहे, ते तुमचा पासवर्ड घ्यायला आलंय, माझ्या एका क्लायंटच्या सुनेने घेऊन बघितलंय.

ऑर्कुटच्याच काळातली पुण्यातली एक गोष्ट, तेव्हा पेपरात खूप आली होती. २००७ साली ऑर्कुटवर कुणीतरी शिवाजी महाराजांचं विकृत चित्र टाकलं, पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेट कनेक्शनच्या नंबरावरून) माग काढला आणि बंगळुरूच्या एका आयटीतल्या तरुणाला उचललं. तो पन्नास दिवस येरवड्यात होता. नंतर कळलं की इंटरनेट कंपनीने माहितीच चुकीची दिली होती, ते कनेक्शन त्याचं नव्हतंच. मी तेव्हा नुकतं काम सुरू केलं होतं, बातमी वाचून मला वाटलं होतं की आपण काही वेडंवाकडं लिहीत नाही, आपल्याला काय भीती. त्यानेही लिहिलं नव्हतं.

व्हॉट्सॅप. लोक म्हणतात ते सेफ आहे, एन्क्रिप्टेड आहे. आहे, २०१६ पासून आहे, मेसेजमध्ये काय लिहिलंय ते मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही. पण पाकीट बंद असलं तरी पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच ना, कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळा, ते कंपनीकडे असतं. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकबरोबर माहिती वाटून घेण्याची ती नवी पॉलिसी आली तेव्हा आमच्या घरातले सगळे सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपवर गेलो होतो, आठ दिवसांनी आईने विचारलं की इथे भिशीचा ग्रुप का दिसत नाही, आणि वरात परत आली. त्याच पॉलिसीवरून भारताच्या कॉम्पिटिशन कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॅप-फेसबुकच्या मालक कंपनीला २१३ कोटींचा दंड लावला.

सेटिंग मात्र इथे बरी आहेत आणि सापडतात. डीपी, लास्ट सीन, अबाउट, तिन्ही "माय कॉन्टॅक्ट्स" केलं. "ग्रुपमध्ये मला कोण घेऊ शकतं" तेही "माय कॉन्टॅक्ट्स", हे २०१९ पासून आहे आणि आईचं तोपर्यंत "एव्हरीवन" वरच होतं, त्यामुळे ती शेअर मार्केटच्या टिपा देणाऱ्या दोन ग्रुपमध्ये होती आणि तिला वाटत होतं तिला त्यात माझ्या नवऱ्याने घातलंय. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन टाकला. "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघा एकदा, नवऱ्याच्या यादीत जुन्या ऑफिसचा कॉम्प्युटर अजून जोडलेला निघाला, नोकरी सोडून चार महिने झाले होते. बायको म्हणून मी जे बोलायचं ते बोलून घेतलं.

पण ग्रुप म्हटला की तुमचा नंबर त्या सगळ्यांना दिसणार, त्याला औषध नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत, त्यातले निम्मे भाडेकरू होऊन गेले तरी ग्रुपमध्येच आहेत. गेल्या महिन्यात कमिटीतल्या एकांनी "नवीन भाडेकरूंचं पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं आहे, सर्वांनी नोंद घ्यावी" म्हणून त्या मुलींचा भाडेकरार टाकला. अख्खी पीडीएफ. तीन मुली, तिघींची आधार कार्डं, गावचे पत्ते, वडिलांचे नंबर, अंगठे. मी लगेच फोन केला तर म्हणाले, "अहो मॅडम, आपलाच ग्रुप आहे." डिलीट केलं त्यांनी, पण तोपर्यंत किती जणांच्या फोनमध्ये ती फाइल आपोआप उतरली असेल ते तेच जाणोत. खाली एकांनी अंगठा दाखवला होता, एकांनी "गुड जॉब सर".

व्हॉट्सॅपला साडेतीन, आणि सोसायटीच्या ग्रुपला शून्य.

आता मुलाचा फोन. हा भाग अवघड होता कारण नववीतला मुलगा आईला फोन देतो म्हणजे त्याने आधी काय काय पुसलं असेल कुणास ठाऊक. इन्स्टाचं अकाउंट प्रायव्हेट होतं, मला बरं वाटलं. फॉलोअर ६११. मी विचारलं यातले ओळखीचे किती, तर म्हणे "म्युच्युअल आहेत ना." म्हणजे मित्राच्या मित्राच्या मित्राचा कोण तो, त्यालाही दार उघडं. मग ते प्रायव्हेट कसलं, ते लग्नाचं कार्यालय झालं. इन्स्टाने अठराखालच्या मुलांसाठी टीन अकाउंट आणलंय, आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, सोळाखालच्यांना ते सैल करायचं तर आईवडिलांची परवानगी लागते, कागदावर छान आहे. चिरंजीवांनी जन्मसाल १९९९ टाकलेलं. सव्वीस वर्षांचा घोडा आहे तो तिथे. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठराखालच्या मुलांचा डेटा घ्यायचा तर पालकांची संमती हवी असं आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पूर्ण लागू व्हायला दीड वर्ष. तोवर माझा मुलगा खरोखरच सज्ञान होत आलेला असेल.

बरं, त्याला बोलायचं तरी कुठल्या तोंडाने. मी त्याच्या शाळेच्या पेजवर गेले, नाव लिहीत नाही, तर तिथे स्नेहसंमेलनाचे फोटो, मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हातात बक्षीस आणि छातीवर रूट नंबर असलेलं बसचं ओळखपत्र. एवढी माहिती मी माझ्या बिल्डिंगमधल्या कुणाला देत नाही. ऑफिसला मेल टाकली, "पालकांच्या आनंदासाठी टाकतो" असं उत्तर आलं.

स्नॅपचॅटवर स्नॅप मॅप म्हणून प्रकार आहे, २०१७ पासून. नकाशावर मित्रांची कार्टूनं उभी दिसतात. मुलाने ते हौसेने चालू केलेलं. मी झूम करत गेले, पुणे, कोथरूड, डहाणूकर कॉलनी, आणि त्याच्या क्लासच्या बिल्डिंगवर त्याचं ते बाहुलं हेडफोन घालून उभं. ॲप उघडलं की जागा ताजी होते. "घोस्ट मोड" चालू केला की गायब होता येतं, तो आम्ही केला, जरा चिडला, मग म्हणाला की बाबांचं तर काय, त्यांचं कुणीच बघत नाही.

आणि तो बरोबर होता. नवरा पहाटे पळतो, म्हातोबा टेकडीवर, आणि स्ट्रावावर, म्हणजे पळण्याचा रस्ता नि वेळ नोंदवणाऱ्या ॲपवर टाकतो. मी त्याचं पान माझ्या फोनवरून उघडलं. रोज सकाळी पाच चाळीसला एक केशरी दोरा सुटतो, तो बरोबर आमच्या गेटमधून सुटतो आणि गेटमध्येच परत येतो, पन्नास मिनिटांनी. म्हणजे ज्याला हवं त्याला कळतं की कुठल्या बिल्डिंगमधला पुरुष माणूस रोज किती ते किती घरात नसतो. याच स्ट्रावाचा जगभरातल्या पळणाऱ्यांचा नकाशा २०१८ च्या जानेवारीत गाजला होता, वाळवंटात मधेच चमकणाऱ्या रेघा दिसायला लागल्या, ते लष्करी तळांवरचे जवान व्यायाम करत होते. सैन्याला सुचलं नाही तिथे आमच्या ह्यांना काय सुचणार. पण सोय आहे, सुरुवात आणि शेवटचा भाग दीडेक किलोमीटरपर्यंत लपवता येतो, दोन मिनिटांचं काम. स्ट्रावाला चार, नवऱ्याला दोन.

हे सगळं करताना नवऱ्याचं एक वाक्य चालूच होतं, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" माझ्याकडे रिटर्न भरायला येणारी माणसं बघा. एफडीवर पंधरा हजार व्याज आलंय हे सांगायच्या आधी उठून केबिनचं दार लोटून घेतात. त्यांनी काही चोरलेलं नसतं. आणि बाहेर पडता पडता तोच माणूस नव्या फ्लॅटच्या चावीचा फोटो स्टेटसला टाकतो, मागे बिल्डिंगचं नाव, मजला, आणि चावीचे दातसुद्धा स्पष्ट. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. तो मावसवहिनीविरुद्ध कसा वापरायचा ते निकालात नाही.

हॉटेलवाल्यांचंही एक सांगून टाकते. बाणेरला एका कॅफेत गेलो, बिलावर दहा टक्के सूट पाहिजे तर लोकेशनसकट स्टोरी टाका आणि त्यांना टॅग करा. टाकली नाही. एकशे चौदा रुपये सोडले. घरी कुणी नव्हतं त्या दिवशी, आणि मे महिन्यानंतर मी जरा घाबरटच झालीये. आता फोटो टाकते पण घरी परत आल्यावर, महाबळेश्वरचे तर आठ दिवसांनी टाकले, लोकांना वाटलं परत गेलो.

राहता राहिली मावसवहिनी. तिला मी दोषी धरलं नाही, तिच्या हौसेला कुणी असं वापरेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या घरी जाऊन, पोहे खाऊन, तिच्याच फोनवर आम्ही तो बारशाचा अल्बम बंद केला, एकशे बारा फोटो, पब्लिकवरून फक्त फ्रेंड्सपर्यंत. तिला फार वाईट वाटलं, आईला फोन करून "मावशी, माझं चुकलं" म्हणाली, आई म्हणाली "अगं साडी तरी छान दिसली सगळ्यांना." सगळं नीट झालं म्हणून मी घरी आले.

काल रात्री सहज तिच्या प्रोफाइलवर गेले. अल्बम बंद आहे. पण त्यातला एक फोटो तिला इतका आवडला की तिने तो कव्हरला लावलाय, आणि कव्हर फोटो तिथे सगळ्यांना दिसतो, लॉक असो नसो. आई मधोमध, हिरव्या साडीत, न कापलेला फोटो आहे, त्यामुळे यावेळी तबकामागे मीही पूर्ण आलेय.